शेवटच्या बादलीचं पाणी

समस्त शहरवासीयांस, विशेषतः काळ्या रंगाची मोटार बाळगण्याचं धाडस केलेल्या बंधुभगिनींस, अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की आमच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून निष्ठेनं उभा असलेला निळा फिल्टर आज सकाळी कामी आला. अखेरच्या क्षणी त्याच्याजवळ मी, माझी बायको आणि अर्धी धुतलेली गाडी एवढेच होतो. कृपया सांत्वनासाठी गर्दी करू नये. येणारच असाल तर चहा मिळेल.

निधनाची बातमी मला पेनाएवढ्या एका यंत्रानं दिली. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार विरघळलेत, हे ते आकड्यात सांगतं. इतके दिवस ते शून्यापाशीच घुटमळायचं. आज त्यानं अशी उडी घेतली की मला आधी वाटलं यंत्रच बिघडलं. पुन्हा बुडवलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. मग मी टोपी काढली.

"आता याचं सुतक किती दिवस?" सुनंदानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. आमच्या संसारात गांभीर्याला एवढंच आयुष्य असतं.

तिकडं रस्त्यावर टँकर घरघरत चालला होता. ऊन अजून कोवळं असायला हवं होतं, पण वैशाखातलं आमचं ऊन जन्मतःच प्रौढ असतं. लांब कुठंतरी बँडवाले एकच धून पुन्हापुन्हा घासून बघत होते, म्हणजे आज कुणाचं तरी लग्न. कुंपणाशी मोगरा फुलला होता. हे सगळं एकत्र आलं की मी हातातला पाइप तसाच वाहता ठेवून त्या उन्हाळ्यात जातो, आणि सुनंदाला येऊन नळ बंद करावा लागतो.

त्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं, पूर्वाचं, लग्न होतं. आणि ती सासरी कोणत्या गाडीतून जाणार हे पाण्यावर ठरणार होतं.

आधी पाण्याविषयी सांगतो. मी भूगोलाचा मास्तर, आणि शाळेच्या प्रत्येक समारंभाचा सूत्रसंचालक. त्यामुळं कुठलीही गोष्ट पाषाणयुगापासून सुरू करायची मला मुभा आहे असं मी समजतो. आपलं शहर काळ्या खडकावर बसलंय. त्या खडकाच्या पोटातून बोअर जे पाणी वर आणतो, ते येताना खडकाचा थोडा थोडा आहेर घेऊन येतं. नळाचं पाणी कधी येईल ते ज्योतिष्यालाही विचारू नये, म्हणून कॉलनीत सगळं बोअरवर, प्यायचं तेवढं मशीननं गाळून. या पाण्यात डाळ शिजायला नकार देते आणि साबण फेस करायला. तोट्यांना पांढऱ्या दाढीमिशा फुटतात. स्टीलचा पेला पालथा ठेवला की तळाशी पांढरं कडं उमटतं. बादलीला, बेसिनला, न्हाणीघराच्या फरशीला, सगळ्यांना या पाण्यानं आपली सही करून ठेवलेली असते.

आता अशा गावात ज्या माणसानं काळी गाडी घेतली, त्याच्याविषयी काय बोलावं. पण मी तरी काय करणार. ती शोरूममध्ये संध्याकाळच्या दिव्यांत उभी होती, आणि तिच्या दारात मला माझा चेहरा दिसला. इतका देखणा मी आमच्या आरशात कधीच दिसलो नव्हतो.

ती घरी आली तेव्हा पहिलं मत दाजींनी दिलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. अजिंठ्याला त्यांची शेती आणि खताबियाण्याचं दुकान. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर पांढरी दस्ती. माणूस असा की बसताना आधी सतरंजी झटकेल, मग त्या झटकण्याकडे संशयानं बघेल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले,

"म्हैस घेतली व्हय? दूध किती देती?"

मी म्हणालो, "दाजी, गाभण आहे. पुढच्या वर्षी एक पारडू तुम्हाला."

आक्का पदरात तोंड घालून हसली. दाजी हसले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या घरात गाडीचं नाव म्हैस पडलं, आणि मीही मनोमन तेच वापरू लागलो. आपल्याला जे नाव जिव्हारी लागतं तेच पुढं लाडाचं होतं.

पूर्वा अकरावीला आमच्याकडं शिकायला आली. पुढं पदवी, पुढं रसायनशास्त्रात एमएस्सी, पुढं वाळूजच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी. ती आली ती राहिलीच. आम्हाला मूल नाही. हे वाक्य मी इतक्या सहज लिहू शकतो, त्याचं कारण पूर्वा.

तिचं सगळं तरुणपण त्या गाडीच्या पुढच्या सीटवर गेलं. परीक्षेला जाताना ती डोळे मिटून सूत्रं पुटपुटायची, आणि मी सिग्नलला गाडी इतकी हळुवार थांबवायचो की जणू मागं अंड्यांची टोपली आहे. पेपर चांगला गेला तर परतताना शहागंजातून जायचं, वाईट गेला तरी शहागंजातूनच जायचं, कारण तिथला कुल्फीवाला निकाल विचारत नाही. ती गाडी शिकली दौलताबादच्या रस्त्यावर. किल्ला समोर आ वासून बघतोय, रस्त्याच्या कडेला बायका सीताफळं घेऊन बसल्यात, आणि ही बया सीताफळं बघून गाडी डावीकडं घेते. डावीकडं बाभूळ होती. मागच्या दारावर कोपरभर लांब ओरखडा उमटला. ती रडकुंडीला आली. मी खाली उतरून ओरखडा बघितला आणि म्हणालो, "बाभळीला लागलं का ते बघ आधी." मग आम्ही सीताफळं घेतली आणि बिया खिडकीतून बाहेर उडवत घरी आलो. सीटच्या फटीत त्यातली एखादी बी आजही सापडते.

दाजी महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीनं यायचे. लेकीसाठी तूप, शेंगा, भरल्या पिशव्या. संध्याकाळच्या गाडीनं परत. तिच्या त्या वर्षांतलं त्यांना जे ठाऊक होतं ते गुणपत्रिकेवरचं. मधलं सगळं गाडीत घडलं होतं, आणि गाडी माझी होती. हे मला तेव्हा उमगलं नाही. मी आपला म्हशीचे विनोद करत बसलो.

लग्नाची बैठक अजिंठ्याला, दाजींच्या ओसरीवर झाली. मांडव, आचारी, मानपान, सगळं सुरळीत ठरलं. शेवटी आक्कानं सहज विचारलं, "पूर्वे, तुला काय पाहिजे गं?"

पूर्वा म्हणाली, "मला मामाच्या गाडीतून जायचंय."

मी छाती फुगवायला सुरुवात केली होती, तोवर दाजी बोलले. "काळ्या गाडीतून? हळदीच्या अंगानं?"

"दाजी, मंगळसूत्रातसुद्धा काळेच मणी असतात," मी म्हणालो. मला हे उत्तर फार आवडलं होतं, म्हणून मी ते ओसरीभर बघत पुन्हा एकदा म्हणालो.

"असत्यात की. पण त्या मण्यांवर पांढरे ठिपके नसत्यात." दाजींनी दस्ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुझी म्हैस बघ एकदा. कांजण्या झाल्यावानी दिसती. व्याह्यांच्या दारात लेक असल्या गाडीतून उतरणार का? मी पांढरी गाडी सांगून ठेवली हाय. फुलंबी तेच लावणार."

"बाबा," पूर्वा म्हणाली. एवढंच.

दाजींना तिचं 'बाबा' झेपत नाही. ते थोडा वेळ अंगणातल्या शेळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. लग्नाच्या दिवशी सकाळी मी बघणार. एक जरी ठिपका दिसला, तर पोरगी पांढऱ्या गाडीतून जाईल. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो. ज्याला बोअर माहीत आहे तो माणूस असली अट मंजूर करत नाही. पण मी सूत्रसंचालक, शब्द आधी जातो आणि अक्कल मागून टाळ्या वाजवत येते.

तो उन्हाळा मी पाण्यामागं धावत काढला. मी गाडी धुवायचो आणि ती वाळताना बघायचो. ओली असताना अशी दिसायची की तिच्या टपावर अख्खा गुलमोहोर उमटायचा. मग ऊन प्यायला यायचं. थेंब आकसत जायचे, कडेनं आत, कडेनं आत, आणि जिथं थेंब होता तिथं एक पांढरी टिकली. शेकडो टिकल्या. पुसायला जावं तर टिकलीची रेघ व्हायची.

कॉलनीनं सल्ले दिले. लिंबू चोळा. व्हिनेगर चोळा. खोबरेल चोळा. वर्तमानपत्रानं पुसा. मी सगळं केलं. लिंबानं डाग निघायचे, पण धुवायला पुन्हा तेच पाणी. एक आठवडाभर आमच्या गाडीला लोणच्याचा वास येत होता आणि तिच्याभोवती माश्या घोंघावत होत्या. शेजारचे एक गृहस्थ रोज फिरून येताना थांबायचे, गंभीरपणे वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून मुरायला पाहिजे."

आणि मग मला ती थोर कल्पना सुचली. माझ्यासारखी चूक करायला आमच्याच गावचा माणूस लागतो.

आमच्याकडं प्यायच्या पाण्याचं मशीन आहे, जसं गल्लीतल्या बहुतेक घरांत आहे. त्या मशीनची एक बारीक नळी बाहेर सोडलेली असते, तिच्यातून नको असलेलं पाणी सतत ठिबकत असतं. दुसऱ्या गावात ते मोरीत जात असेल. आमच्याकडं पाणी मोरीत सोडणं हे पाप आहे. प्रत्येक घरात त्या नळीखाली एक बादली असते, आणि त्या पाण्यानं फरशी पुसली जाते. सुनंदा ती बादली अशी जपते की दुधाचं पातेलं तिच्यापुढं दुर्लक्षित वाटावं. मी विचार केला: मशीनमधून आलंय म्हणजे चांगलं पिण्याचं नसलं तरी निम्मंशिम्मं तरी शुद्ध असणारच. टँकरवर भार नाही, बोअरचं नाव नाही. मी चोरून बादल्या साठवल्या आणि एका रविवारी सकाळी म्हशीला शाही स्नान घातलं.

दाजी नेमके त्याच दिवशी पाहणीला आले. तोवर गाडी वाळली होती. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दळण सांडलं व्हय रे हिच्यावर?"

ज्वारीचं पीठ पाखडल्यासारखी गाडी उभी होती. बॉनेट, काचा, आरसे, सगळं पांढरंफटक.

"दाजी," मी म्हणालो, "तुम्हाला पांढरी गाडीच पाहिजे होती ना."

तेवढ्यात पूर्वा बाहेर आली. तिनं गाडी बघितली, रिकाम्या बादल्या बघितल्या, नळी बघितली, आणि पायरीवर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. "मामा, ते मशीन क्षार गाळतं आणि जे गाळलं ते सगळं त्याच नळीतून बाहेर टाकतं. तू बोअरच्या पाण्याचा काढा करून घातलास तिला."

ती नंतर शांत झाली आणि माझ्याजवळ येऊन बसली. कारखान्यात तिचं काम पाण्याचंच होतं. औषधाला जे पाणी लागतं त्यात काहीही चालत नाही. म्हणाली, "पाणी उडून जातं रे मामा. त्यात जे विरघळलेलं असतं ते मागं राहतं. डाग पाण्याचा नसतोच. गाळ धरणारा साधा फिल्टर लावलास तरी उपयोग नाही, विरघळलेलं त्यातून निसटतं. आपल्याला विरघळलेलं धरणारा फिल्टर पाहिजे. आणि सगळ्या धुण्याला नको, फक्त शेवटच्या बादलीला."

दाजी ऐकत होते. लेक अशी समजावून सांगताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली असावी. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तेव्हा हार मानणं समजलो.

फिल्टर मिळाला शहागंजात, बॅटरीचं पाणी विकणाऱ्या हमीदभाईंकडं. पुरुषभर उंच निळी नळकांडी, आत खसखशीएवढे सोनेरी मणी ठासून भरलेले. हमीदभाईंनी ती काउंटरवर आडवी केली आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"मास्तरसाब, लोगां पीने के वास्ते फिल्टर लेको जाते. तुम गाडी के वास्ते लेको जारे? गाडी की शादी है क्या?"

"गाडी की नहीं, भांजी की. उसी गाडी में जाना है उसको."

"तो फिर लेनाइच पडता," हमीदभाई म्हणाले, आणि पेनासारखं ते यंत्र त्यांनी वरून भेट दिलं. "भांजी को हमारी तरफ से."

त्या माणसानं पूर्वाला कधी बघितलं नव्हतं. अशा देणाऱ्यांची परतफेड कुठं करायची असते, हे मला अजून कळलेलं नाही. मी दरवर्षी त्यांच्या दुकानात जातो, गरज असो नसो, आणि आम्ही चहा पितो.

मग दिनक्रम बसला. सूर्य कॉलनीच्या टाकीवर चढायच्या आत, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना, आधी बोअरच्या पाण्यानं धूळ आणि साबण. मग फिल्टरमधून बारीक धारेनं भरलेली एक बादली. सुनंदाची अट होती की वरून ओतलेलं ते पाणी वाया जाता कामा नये. म्हणून मी गाडी कुंपणाकडं उताराला उभी करायचो, आणि ओघळ सरळ मोगऱ्याच्या आळ्यात जायचा. पहिल्यांदा ती बादली ओतली तेव्हा पूर्वा म्हणाली, "आता पुसू नकोस. नुसता बघ."

आम्ही तिघं पायरीवर बसलो आणि गाडी वाळताना बघितली. दुसरी माणसं समुद्र बघायला जातात. थेंब होते, मग लहान झाले, मग नव्हते. त्यांच्या जागी काही नव्हतं. गुलमोहोर होता, आभाळ होतं, विजेची तार आणि तारेवरचा एक कोतवाल पक्षी होता. सुनंदानं माझा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात ती इतकी हळवी मला फार थोड्या वेळा दिसलीय, आणि त्यातली एक वेळ गाडी वाळतानाची आहे.

दाजी पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही आले. आधी महिन्यातून एकदा येणारा माणूस आता दर रविवारी एसटीतून उतरत होता. म्हणायचे पाहणीला आलो. एकदा त्यांनी फिल्टरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, आणि बराच वेळ जीभ टाळूला लावून उभे राहिले.

"चवच नाय की याला. आमच्या हिरीचं पाणी पिऊन बघ, भाकरी नसली तरी पोट भरतं. हे पाणी हाय का उपास?"

"गाडीला चव लागत नाही, दाजी."

"तिला काय लागतं मग?"

मी रिकामी बादली पालथी ठेवली. दाजींनी तोवर मागच्या काचेच्या कोपऱ्यात एक ठिपका शोधून काढला होता, आणि दोन्ही हात मागं बांधून ते विजयी वीरासारखे माझ्याकडं बघत होते.

एका रविवारी दुपारी सगळे झोपले होते. मी पाणी प्यायला उठलो आणि खिडकीतून बघितलं. दाजी गाडीपाशी एकटे होते. मागच्या दारासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी काचेवर हाऽऽ करून वाफ सोडली आणि दस्तीच्या टोकानं एक जागा पुसली. ती दस्ती ते चहा पिऊन तोंड पुसायलाही वापरत नसत. मी बाहेर गेलो. त्यांनी वर न बघता विचारलं,

"हा वरखडा कसला?"

"पूर्वानं काढला. गाडी शिकताना. दौलताबादच्या रस्त्याला बाभळीला घासली."

"अन् तू रंग नाय लावला?"

"नाही."

"का?"

"असू दे म्हटलं."

त्यांनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "मला नाय सांगितलं तिनं कधी."

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मी कशाला रागावतोय," दाजी म्हणाले. मग काचेतून आत डोकावून, "कुठं बसायची ती?"

मी पुढचं डावं दार उघडलं. दाजींनी चप्पल बाहेर काढून ठेवली, देवळात जाताना काढतात तशी, आणि आत बसले. दोन्ही हात मांडीवर. समोरच्या काचेतून आमच्या कुंपणाशिवाय काही दिसत नव्हतं, पण ते पुष्कळ वेळ बघत होते. मी दार हलकेच लोटलं आणि घरात आलो. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की काळ्या रंगाचं आणि पांढऱ्या ठिपक्यांचं आमचं भांडण ज्या गोष्टीवरून चाललं होतं, ती गोष्ट आम्ही दोघांनीही कधी तोंडानं बोललो नव्हतो. तिची ती सगळी वर्षं मला मिळाली होती. मी ती मागितली नव्हती. त्यांनीच एसटीतून आणून, तुपाच्या बरणीसकट, माझ्या दारात ठेवली होती. आणि मी त्यांना साधं 'उपकार झाले' एवढंही म्हटलं नव्हतं.

म्हणायला हवं होतं. अजूनही तोंडानं जमलेलं नाही. हा लेख त्यांना वाचून दाखवायचा विचार आहे, मधला हा परिच्छेद खोकत खोकत.

आज मेलेल्या फिल्टरकडं बघताना मला त्याचा मृत्यू फार सज्जन वाटला. तो फुटला नाही, तुंबला नाही, कुणावर चिडला नाही. पूर्वानं तेव्हाच सांगितलं होतं, "हे मणी क्षार धरून ठेवतात मामा. धरायला जागा उरली नाही की संपले." आमच्या घरासाठी असं बरंच काही बऱ्याच जणांनी गुपचूप धरून ठेवलंय, म्हणून आम्ही असे चकचकीत दिसतो. आक्कानं लेक दूर ठेवली आणि एकदाही डोळ्यांत पाणी आणून दाखवलं नाही. सुनंदानं दुसऱ्याच्या लेकीची वेणी घातली आणि ती दुसऱ्याची आहे हे एक दिवसही विसरली नाही, आणि एक दिवसही तसं वागली नाही. पूर्वा आता नाशिकला असते. पुढच्या आठवड्यात येतेय. फोनवर मी तिला फिल्टरची बातमी दिली तर म्हणाली, "नवे मणी भरून घे मामा. माझी गाडीपण आणतेय." तिनं गाडी घेतलीय. रंग मी विचारला नाही. तिनंही सांगितला नाही, नुसती हसली, आणि मला जे समजायचं ते समजलं.

लग्न बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात होतं, दुपारच्या मुहूर्तावर. त्या दिवशी पहाटे मी शेवटची बादली ओतली. सुनंदानं मोगऱ्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळीच खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या. तो मोगरा त्या उन्हाळ्यात असा फुलला होता की येणारेजाणारे खताचं नाव विचारत. तिनं त्या कळ्यांची लांब माळ केली आणि गाडीला घातली. फिल्टरचं पाणी असं फिरून पुन्हा गाडीवर आलं.

कार्यालयाच्या दारात दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या. एक दाजींनी सांगितलेली पांढरी, गुलाबांनी मढलेली. एक आमची. दाजी नवा सदरा घालून आले, चष्मा चढवला आणि पाहणी सुरू केली. टप, काचा, आरसे, चाकांच्या वाट्या. गुडघे धरून खाली वाकले. एकेका दारापाशी थांबले. मागच्या दारापाशी, त्या ओरखड्यापाशी, जास्तच थांबले. त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि एक शब्द न बोलता वऱ्हाडाच्या स्वागताला निघून गेले.

आता याचा अर्थ काय लावायचा? पूर्वा खोलीच्या खिडकीतून हातानं खुणावत होती, काय झालं? मी दोन्ही हात पसरले. मामा म्हणून मी तिला बोहल्यावर आणलं, अंतरपाटाच्या मागं तिच्या पाठीशी उभा राहिलो. अक्षता पडत होत्या, आणि तीही रडत होती, मीही. पण खरं सांगायचं तर मधूनमधून आम्ही दोघंही दाराबाहेरच्या त्या दोन गाड्यांकडं चोरून बघत होतो.

ऊन कलल्यावर पाठवणीची वेळ आली. दोन्ही गाड्यांचे चालक आपापल्या दाराशी. काळीचा चालक म्हणजे फेटा बांधलेला मी. पूर्वा सुनंदाच्या गळ्यात पडली होती. सगळ्या बायका रडत होत्या, सनईवाला सुद्धा नाक ओढत होता. आमच्याकडं लेक निघाली की आई गाडीच्या तोंडावर आणि चाकांवर पाणी घालते, लेकीची वाट गार राहावी म्हणून. आक्कानं कार्यालयाच्या नळावरून तांब्या भरून आणला होता. ती दोन गाड्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"अहो," तिनं दाजींना विचारलं, "कुठल्या गाडीवर घालू?"

दाजींनी दस्ती तोंडाशी धरली होती आणि ते पूर्वाकडं बघत होते. आक्का थांबली. सगळे थांबले. पांढऱ्या गाडीच्या चालकानं आपलं दार अर्धं उघडलं. मग आक्कानं, जिनं आयुष्यात नवऱ्याला विचारल्याशिवाय भाजी बदलली नाही, तिनं आपल्या मनानं पाऊल टाकलं. ती आमच्या म्हशीसमोर आली, आणि तांब्या बॉनेटवर तिरका केला.

दाजी धावले. वऱ्हाडाला ढकलत, दस्ती खाली टाकून, साठीचा माणूस धावत आला आणि त्यानं बायकोचा हात वरच्या वर धरला. मला वाटलं, संपलं. पूर्वानं डोळे मिटले. आणि दाजी, धाप लागलेली, डोळे वाहत असलेले, सगळ्या व्याह्यांसमोर, त्या गावभर ऐकू जाणाऱ्या आवाजात बोलून गेले,

"अगं थांब, ते बोअरचं हाय, डाग पडतील माझ्या लेकीच्या गाडीला."